सोबती भेट, जाम

"फोटो काढून राह्यली त काढ बाप्पा, पन मॅडमले इचारल्याबिगर कोनाले धाडू नको," असं आनंदाबाई मला म्हणाल्या होत्या.

आनंदाबाई आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत खिचडी शिजवतात. त्या दिवशी त्या हातात तांदळाचं सूप घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या आणि मी टेबलावरच्या उघड्या वहीवर मोबाईल धरून वाकले होते. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

मी म्हटलं, "मावशी, मी शाळा समितीची मेंबर आहे. मला वही पाहायचा हक्क आहे."

"पाहाचा हाये न. धाडाचा म्हनून राह्यली मी."

मी हसले. शिकलेली सून एखाद्या न शिकलेल्या बाईकडे पाहून हसते तसं. फोटो काढला, मोबाईल पर्समध्ये टाकला आणि टेबलावर ठेवलेली अनुची पाण्याची बाटली उचलून बाहेर आले.

ती हालचाल वही होती. शिक्षक शाळेच्या वेळेत बाहेर गेले की कुठं, कशासाठी, किती वाजता ते त्या वहीत लिहून सही करून जातात. आमच्या मुख्याध्यापक कोकिळा मॅडम. प्रभारी मुख्याध्यापक, म्हणजे त्या मुळात शिक्षिकाच, चौथी-पाचवीला शिकवायच्या, पण आधीचे गुरुजी निवृत्त झाले आणि तिघांत त्या सीनियर म्हणून चार्ज त्यांच्याकडे आला. त्यांच्या बारीक, उभट अक्षरात जुलैपासून सात वेळा एकच नोंद होती. एक बुधवार सोडून एक बुधवार. "सोबती भेट, जाम. दु. १.४५ ते शाळा सुटेपर्यंत."

आता जाम म्हणजे काय, ते आमच्या भागातल्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. हायवेचा चौक आहे. ट्रक थांबतात, लोक बस बदलतात, रस्त्याच्या दोन्ही अंगांना चहाची आणि जेवणाची हॉटेलं. आमच्या गावाहून ऑटोनं पंधरा मिनिटं. तिथल्या हॉटेलात आमच्याकडची बाई एकटी बसत नाही. बसली तर बस येईपर्यंत. आणि कोकिळा मॅडमचे मिस्टर वारून दहा वर्षं झाली होती.

मी हे सगळं त्या एका क्षणात मनात जुळवलं. खोटं कशाला सांगू.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी बी.एस्सी. आहे, नोकरी मिळाली नाही, आणि ते सगळं शिक्षण मी अनुच्या मागे लावलं. अनुश्री माझी मुलगी, तेव्हा दुसरीत. ती किती खोकलली, डब्यातली भाजी किती उरली, कोणाशेजारी बसली, मला सगळं माहीत असायचं. सासूबाई, यशोदाबाई, म्हणायच्या, "पोरगी हाये का परीक्षा हाये तुही?" मला ते कौतुकच वाटायचं.

अनु शाळेत फळ्यावरचं वाचायची नाही. घरी पुस्तक तोंडाशी धरून घडाघडा वाचायची. त्यामुळे माझं गणित सरळ होतं, की घोळ शाळेत आहे. ऑगस्टमध्ये एकदा सुट्टीच्या वेळी कोकिळा मॅडम फाटकापाशी मला म्हणाल्या होत्या, "ताई, अनुबद्दल जरा बोलायचं होतं. तिचं वाचन..."

मी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "मॅडम, घरी ती सगळं वाचते. शाळेत वाचत नसेल तर शाळेनं बघावं न." तिथं आणखी चार आया उभ्या होत्या. त्यांनी ऐकावं अशा आवाजात म्हटलं.

मॅडम म्हणाल्या, "बरं." आणि ऑफिसात गेल्या.

तर तो फोटो. तो मी संध्याकाळी कणीक भिजवून झाल्यावर, हात धुऊन, आमच्या 'दुसरीच्या मम्मी' ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हे सोबती कोण बरं?" पुढे ते हनुवटीला बोट लावून विचार करणारं पिवळं तोंड. बस. नाव घेतलं नाही, आरोप केला नाही. कोणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, मी फक्त प्रश्न विचारला.

पाच मिनिटांत रीतानं लिहिलं, "आपल्याले बी पाह्यजे बाई असा एखादा. बुधवारचा का होईना." मग दुसरी, "म्हणून बुधवारी मॅडमची साडी इस्त्रीची असते." मग हसणारी तोंडंच तोंडं. मी त्यात एक शब्द लिहिला नाही. नुसतं वाचत बसले, आणि पोळी करपली.

माझे मिस्टर गजेंद्र यांचं जामला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. मी त्यांना सांगून ठेवलं, पुढच्या बुधवारी समोरच्या हॉटेलांवर जरा नजर ठेवा.

"मले का दुसरं काम नाई?" ते म्हणाले. पण ठेवली. बुधवारी संध्याकाळी आल्यावर चहाचा कप हातात घेऊन त्यांनी सांगितलं, "बसले होते दोघं कोपऱ्यात. मानूस म्हातारा हाये, पासष्टच्या वर. पांढरी टोपी. टेबलभर वह्या पसरल्या होत्या, लेकराइच्या वह्या दिसल्या मले. कागदं होते. मॅडम रडून राह्यल्या होत्या."

सासूबाईंनी विचारलं, "काऊन रडून राह्यली होती?"

"मी का जाऊन इचारू? तोंड वळवलं मी."

त्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं, "आमच्या घरच्यांनी पाहिलं. वयस्कर माणूस आहे. मॅडम रडत होत्या."

वह्यांचं लिहिलं नाही. लिहिता लिहिता राहून गेलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. राहून गेलं नव्हतं. माझा अंगठा तिथं थांबला होता. टेबलभर मुलांच्या वह्या होत्या एवढं एक वाक्य टाकलं असतं तर ती गोष्ट तिथंच विझली असती. आणि मला ती विझायला नको होती, कारण त्या आठवड्यात माझ्या प्रत्येक मेसेजला एकोणीस जणी उत्तर देत होत्या.

बायकांच्या फोनवरून ते पुरुषांच्या फोनवर गेलं. नंतरच्या शनिवारी शाळा समितीची सभा होती. अध्यक्ष रत्नदीप, ट्रॅक्टर भाड्यानं देतो, वयानं माझ्याएवढाच. सतरंजीवर आम्ही दहा-बारा जण. पोषण आहार, शौचालयाचं दार, असे विषय झाले. मग रत्नदीप मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला, "मॅडम, एक इचारू का? हे सोबती म्हंजे कोन?"

मागून कोणीतरी खोकल्यासारखं हसलं.

कोकिळा मॅडमनी पेनाला टोपण लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. प्रश्न कुठून आला ते शोधत असल्यासारख्या त्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडेही.

"जुलैत वर्ध्याला आमचं पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं," त्या म्हणाल्या. "मुख्याध्यापकांचं. शिकवायचं कसं ते आम्हाला डी.एड.ला शिकवलं होतं. शाळा चालवायची कशी ते कोणीच शिकवत नाही. एक दिवस ऑर्डर येते आणि कपाटाच्या किल्ल्या हातात येतात. यंदा प्रशिक्षण देऊन सोडून दिलं नाही. प्रत्येकाला वर्षभरासाठी एक निवृत्त मुख्याध्यापक जोडून दिले. पंधरा दिवसांतून एकदा भेटायचं आणि जे अडलं ते बोलायचं. तिथं त्यांना सोबती म्हणतात. कागदावर तोच शब्द आहे, म्हणून वहीत मी तोच लिहिला. माझे सोबती मधुकरराव. ते हिंगणघाटला राहतात. गुडघे दुखतात, गावापर्यंत येववत नाही. जामपर्यंत त्यांना सरळ बस आहे."

लक्ष्मणराव आमच्यातले सगळ्यात वडीलधारे. ते म्हणाले, "मंग मास्तर म्हना न सरळ. सोबती काऊन म्हनता?"

"ते मला शिकवत नाहीत, काका. ते विचारतात. मी सांगते. मग ते पुन्हा विचारतात."

"मंग फोनवर नाई का होत थे?" रत्नदीप.

"काही गोष्टी फोनवर बोलता येत नाहीत."

हे वाक्य त्यांनी म्हणायला नको होतं. पुन्हा हसणं झालं, या वेळी उघड.

मला तेव्हा सगळं कळलं होतं. त्या बोलत असतानाच ओळ न ओळ पटली होती, कारण गजेंद्रनी सांगितलेल्या वह्या माझ्याकडे होत्या. मी फक्त एवढं म्हणायचं होतं, "आमच्या घरच्यांनी पाहिलं, टेबलावर मुलांच्या वह्या होत्या." पण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग ग्रुपवर का नाही लिहिलं? आणि वहीचा फोटो कोणी काढला? मी सतरंजीची दशी ओढत बसले.

तक्रार अगदीच पोकळ नव्हती, हेही सांगते. बुधवारी दुपारी चौथी-पाचवीची मुलं मुकेश सरांच्या भरवशावर असायची आणि मुकेश सर पहिली-दुसरी सांभाळून त्यांना गणितं देऊन टाकायचे. एका बापानं ते काढलं. मग ठराव ठरला, की मुख्याध्यापकांनी शाळेच्या वेळेत गाव सोडू नये. लक्ष्मणराव समजुतीनं म्हणाले, "शाळा सुटल्यावर जात जा न, पोरी." मॅडम म्हणाल्या, "बघते." पण शाळा पाचला सुटते, त्या म्हाताऱ्या माणसानं अंधारात हायवेवर उतरायचं कसं? आणि रविवारी जामच्या हॉटेलात त्या बसल्या तर काय बोललं जाईल, ते आता त्यांना माहीत झालं होतं.

सभेचं इतिवृत्त एरवी मॅडमच लिहायच्या. रत्नदीप म्हणाला, "हे त्याइच्याबद्दल हाये, त्याइनं नको लिहाले. अपेक्षावहिनी, तुमचं अक्षर चांगलं हाये, लिहा."

मी लिहिलं. शिरोरेघ एका सरळ पट्टीत, काना-मात्रा चुकला नाही. ठराव क्रमांक पाच. खाली मॅडमनी सचिव म्हणून सही केली आणि वही बंद करून पिशवीत ठेवली.

पुढच्या बुधवारी त्या शाळेतच होत्या. त्याच्या पुढच्याही.

आता उलटं बघते तेव्हा कळतं, की जुलै ते ऑक्टोबर शाळेत काय काय बदलत होतं. मी रोज फाटकावर उभी राहून बघत होते, पण जुळवत नव्हते. मॅडम आठवड्यातून एकदा मुकेश सरांच्या वर्गात मागे मुलांमध्ये मांडी घालून पंधरा मिनिटं बसायच्या. नंतर दोघं कडुलिंबाखाली उभे राहून बोलायचे. परिपाठाला रोज दोन मुलं येताना वाटेत काय पाहिलं ते सांगायची. अनुनं एकदा रोहीचं, म्हणजे नीलगाईचं, पिल्लू सांगितलं होतं. सप्टेंबरात मॅडमनी तिला मागच्या बाकावरून उचलून पहिल्या बाकावर बसवलं होतं आणि मी घरी म्हटलं होतं, बघा, बोलल्याशिवाय होत नाही.

ठरावानंतर हे एकेक करून गेलं. कोणी बंद केलं नाही. मॅडम कॉम्प्युटरसमोर बसायला लागल्या, माहिती भरत, दार लोटून. मुकेश सर तोंडानं चलाख माणूस. प्रभारी म्हणजे काही खरा साहेब नव्हे, असं त्यांचं मत होतं आणि ते लपवत नसत. एकदा मॅडम त्यांच्या वर्गाच्या दारात आल्या तर ते मुलांसमोर म्हणाले, "या मॅडम, आज सोबती नाई वाटते." मुलं हसली. दुसरीतल्या मुलांना त्यात काय कळलं असेल? पण हसली. अनुनं घरी येऊन मला ते करून दाखवलं, सरांचा आवाज काढून. त्यानंतर मॅडम त्या वर्गात गेल्या नाहीत. सरांनी दिवाळीनंतर मुलं उंचीप्रमाणे बसवली. अनु उंच. ती पुन्हा मागच्या बाकावर गेली. मी तेव्हा फाटकावरून ते पाहिलंसुद्धा, आणि काही बोलले नाही, कारण बोलायचं तर ऑफिसात जायला लागलं असतं.

जानेवारीत आरोग्य तपासणीचं पथक शाळेत आलं. अनुच्या हातात चिठ्ठी दिली, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आम्ही वर्ध्याला गेलो. डॉक्टरांनी तिचा उजवा डोळा झाकून समोरचं वाचायला सांगितलं तेव्हा अनु गप्प बसली. मला वाटलं लाजते. मी म्हटलं, "वाच न बेटा, येते न तुले." ती म्हणाली, "मम्मी, कुठी हाये थे?"

उजव्या डोळ्याला नंबर होता, आणि डावा डोळा जवळजवळ कामच करत नव्हता. आळशी डोळा म्हणतात त्याला. लहानपणी चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून आळशी डोळ्याला कामाला लावायचं असतं. वय वाढतं तसं ते कठीण होत जातं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता सुरू करू. मात्र या वयात पाच-सहा महिन्यांच्या उशिरानंही फरक पडतो." मग विचारलं, "मान तिरपी करून बघते, ते कधीपासून?"

मी मोबाईल काढला. वाढदिवस, गणपती, शेतातला हुरडा, सगळ्या फोटोंत अनुची मान डावीकडे कललेली. मला ते गोड वाटायचं. 'माझी चिमणी' असं त्या फोटोंखाली लिहिलेलं होतं.

मला कोणावर तरी ओरडायचं होतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी ऑफिसात शिरले. मॅडम डबा खात होत्या.

"मॅडम, तुम्ही तिला पहिल्या बाकावर बसवलं होतं. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. मग मला सांगितलं का नाही?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग पिशवीतून एक जाड वही काढली, प्रशिक्षणात मिळालेली असावी, आणि मधलं एक पान उघडून माझ्यासमोर सरकवलं.

पानाच्या वर लिहिलं होतं, "अनुश्रीच्या आईशी बोलणे." खाली एक वाक्य. "ताई, अनु हुशार आहे, पण मला वाटतं तिला फळा दिसत नाही." त्यावर काट. बाजूला वेगळ्या, थरथरत्या अक्षरात, "वाटतं ते आधी सांगू नका. पाहिलं ते सांगा." खाली दुसरं वाक्य. "ताई, अनु फळ्याकडे मान तिरपी करून बघते, हे मी चार दिवस पाहिलं." त्यापुढे त्याच थरथरत्या अक्षरात, "छान. आता त्या रागावल्या तर? पुढच्या वेळी मी आई होतो, तुम्ही बोला."

त्याखाली पान कोरं होतं.

"त्या पुढच्या वेळेआधी ठराव झाला," मॅडम म्हणाल्या.

मी उभीच होते. त्या दिवशी जामच्या हॉटेलात टेबलभर पसरलेल्या वह्यांत माझ्या मुलीची वही होती.

"ठरावानंतर तरी सांगायचं न, मॅडम."

"हो. सांगायला पाहिजे होतं. ती चूक माझी आहे, ताई, आणि ती माझ्याकडून जात नाही." त्या डब्याकडे बघत बोलत होत्या. "दोनदा तुमच्या घरापर्यंत आले. पण त्या वेळी मी तुमच्या मुलीत काही कमी आहे असं म्हटलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता मी फोटोचा सूड घेते."

मी म्हटलं, "कोणत्या फोटोचा?"

एवढं कळल्यावरसुद्धा माझ्या तोंडून हे निघालं.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "फोटोत टेबलाच्या कडेला गुलाबी बाटली आहे. तिच्यावर अनुश्रीचं नाव आहे. सभेच्या आधीच मलाही कोणीतरी तो फोटो पाठवला होता."

म्हणजे सभेत त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि माझ्याकडेही पाहिलं, तेव्हा त्यांना माहीत होतं. मी ठराव लिहीत होते, त्या माझ्या अक्षराकडे बघत होत्या, आणि त्यांना माहीत होतं.

घंटा झाली. आनंदाबाई ताटं गोळा करायला आल्या, आमच्या दोघींची तोंडं बघून परत गेल्या. मी माफी मागितली की नाही, मला खरंच आठवत नाही. काहीतरी पुटपुटले असेन. मॅडम म्हणाल्या, "पट्टी नियमित लावा. मुलं चिडवतील, मी परिपाठाला सांगते." आणि सांगितलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या एका डोळ्यावर रुमाल बांधून त्या परिपाठाला उभ्या राहिल्या आणि मुलांना म्हणाल्या, आता ओळखा मी कोणाकडे बघते. अनु त्या दिवशी पट्टी लावून हसत घरी आली.

मी मात्र ग्रुपवर काही लिहिलं नाही. लिहायचं ठरवलं रोज. फेब्रुवारीत ठरवलं, मार्चमध्ये ठरवलं. एप्रिलमध्ये रत्नदीपला एकदा म्हटलं, तो ठराव मागे घेऊ या का? तो म्हणाला, "काऊन? आता त मॅडम चांगल्या सुधारल्या." मी तिथंच थांबले.

मे महिन्यात कोकिळा मॅडमनी विनंती बदली घेतली. गिरडच्या पुढे, आत, दोन शिक्षकांची शाळा. तिथंही त्याच सीनियर, म्हणजे तिथंही चार्ज त्यांच्याकडेच. आम्ही निरोप समारंभ केला, शाल-श्रीफळ दिलं. रत्नदीपनं भाषण केलं. मी फोटो काढले. फोटो काढायला मलाच सांगतात सगळे.

त्या गेल्यावर, जूनमध्ये, मी ग्रुपवर सगळं लिहिलं. फोटो मी काढला, वह्यांचं मी लपवलं, अनुच्या डोळ्याचं असं झालं. एकोणीसपैकी सहा जणींनी उत्तर दिलं. रीतानं लिहिलं, "जाऊ दे न अपेक्षा, झालं ते झालं." बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी गणवेशाबद्दल विचारलं.

मग मी मधुकररावांचा नंबर मिळवला आणि त्यांना फोन केला. मी कोण ते सांगितलं.

"अनुश्रीचा डोळा कसा आहे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, थोडा सुधारतो आहे. पूर्ण येईल की नाही ते सांगत नाहीत.

"बरं."

"सर, त्या दिवशी हॉटेलात मॅडम का रडत होत्या?"

"ते त्यांचं आहे, बाई. ते मी कोणालाच सांगणार नाही. त्यासाठीच तर मी होतो."

मी म्हटलं, त्या आता तिकडं एकट्या आहेत. तुम्ही बोलता का त्यांच्याशी?

"मी करतो फोन. त्या उचलत नाहीत. मग मेसेज येतो, 'सर, सर्व ठीक आहे.' मी चौतीस वर्षं नोकरी केली. सगळ्यात बिघडलेल्या महिन्यात मी वर हेच लिहून पाठवायचो, सर्व ठीक आहे." मग म्हणाले, "कार्यक्रमाचं वर्षही संपलं. यंदा त्यांना दुसरा सोबती पाहिजे का, असं विचारलं होतं, तर त्यांनी नको म्हणून कळवलं. एक माणूस विचारायला शिकतो, बाई, त्याला फार वेळ लागतो. नको म्हणायला दोन मिनिटं लागतात."

ऑगस्टमध्ये मी तिकडं गेले. गजेंद्र गाडीवर घेऊन गेले, शाळेच्या वळणावर थांबले, आत आले नाहीत. मॅडम वाळल्या होत्या. दोन वर्ग एका खोलीत बसवून शिकवत होत्या. दुसरे शिक्षक रजेवर होते, कधीपासून ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी मला खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं, अनुचा चष्म्याचा नंबर विचारला. टेबलावर कागदांचा ढीग होता आणि त्यांच्या डाव्या हाताचं बोट सारखं टेबलाच्या कडेवर वाजत होतं. मी म्हटलं, "मॅडम, काही अडलं तर..." मला सांगा, असं कोणत्या तोंडानं म्हणू? त्या म्हणाल्या, "नाही हो ताई, सगळं ठीक आहे." मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. तेवढ्यानं मला जास्त वाईट वाटलं.

मी पुन्हा गेले तर त्या पुन्हा पाणी देतील आणि पुन्हा तेच सांगतील. मला त्या खरं सांगणार नाहीत आणि ते बरोबर आहे. म्हणून हे लिहिते आहे.

गिरडला टेकडीवर दर्ग्याला जाणारे पुष्कळ जण हे वाचत असतील. उतरल्यावर लगेच परतीची बस धरू नका. पुढे सहा किलोमीटरवर डावीकडे एक रस्ता जातो, त्याच्या टोकाला निळ्या भिंतीची शाळा आहे. सव्वापाचच्या सुमारास जा. मुलं गेलेली असतात आणि मॅडमची बस पावणेसहाला असते, मधला वेळ त्या एकट्याच व्हरांड्यात असतात. तुम्ही शिक्षक असाल, कधी शाळा चालवली असेल, तर फारच बरं. नसाल तरी जा. पटसंख्या विचारू नका, निकाल विचारू नका, ते त्यांना रोज कोणी ना कोणी विचारतं. शेजारी बसा. त्या सगळं ठीक आहे म्हणतील. म्हणू द्या. उठू नका. जेवल्या का, झोप लागते का, दुसरे सर आले का, कोणाशी बोलणं होतं का, एवढं बघून या. आणि बोलायला लागल्या, तर ते मला कळवू नका, कोणालाच कळवू नका. एवढंच बघा, की त्या बऱ्या आहेत का.